चांगला फेज वरच्या मजल्याला

"सिस्टरनं मशीन चालूच केली नव्हती. तुम्ही फक्त तपासून सांगा," डॉक्टर मला म्हणाले.

शोभा सिस्टर दारातच उभी होती. "केलती की सर! लाल लाइट बी लागलती. हीटरच तापंना!"

हुमनाबादकडच्या एका खेड्यातलं हे खासगी प्रसूतिगृह. खाली वॉर्ड, वर डॉक्टरांचं घर. आदल्या दिवशी जन्मलेलं बाळ वॉर्मरखाली ठेवूनही गार पडलं, बिदरला हलवावं लागलं. बाळ वाचलं. पण नातेवाईक जाब विचारायला येणार होते आणि डॉक्टरांना कुणाचं तरी नाव पुढं करायचं होतं. दवाखान्याच्या मशिनी दुरुस्त करणं हे माझं काम, म्हणून मला बोलावलेलं.

वॉर्मर म्हणजे बाळाच्या वर टांगलेला हीटर, बाकी काही नाही. त्याच्या प्लेटवर लिहिलं होतं 230 व्होल्ट, 690 वॅट. वॅटला व्होल्टनं भागलं की करंट येतो, तीन अँपिअर. व्होल्टला करंटनं भागलं की रेझिस्टन्स, म्हणजे कॉइल करंटला किती अडवते ते. सुमारे 77 ओहम.

मीटर लावला. व्होल्टेज 154, करंट दोन. भागाकार 77च! म्हणजे कॉइल ठणठणीत. पण पॉवर म्हणजे व्होल्ट गुणिले करंट, ती आली 308 वॅट. निम्मीसुद्धा नाही. व्होल्टेज घसरलं की करंटही घसरतो, पॉवरला दोन्हीकडून मार बसतो. लाल दिवा मात्र लागतोच.

आमच्याकडं घरोघरी फेज बदलायचा स्विच असतो. खांबावरून फेजच्या तीन तारा येतात. जिच्यात दम असेल तिच्यावर जो तो आपलं घर टाकतो. मी बोर्ड उघडला. दमाची तार वरच्या घराला, मेलेली वॉर्डाला. वॉर्डाचा स्विच दमाच्या तारेवर फिरवला, वॉर्मर लगेच तापायला लागला. पण दोन्हींचा भार पडताच त्या तारेचाही दम उतरला आणि वरून हाक आली, "एसी बंद पडला रे!"

डॉक्टरांनी स्वतः येऊन स्विच परत फिरवला.

"अहो, खाली लेकरं आहेत!" मी चिडलोच.

"माझ्या आईला एसीशिवाय झोप लागत न्हाई, अण्णा. मशीन चांगली आहे ना? मग झालं तर."

दुपारी बाळाचे आजोबा चार माणसं घेऊन आले. डॉक्टरांनी मलाच पुढं केलं. "हे इंजिनियर. यांनाच विचारा."

"मशीन चांगली आहे, पण व्होल्टेज..."

"व्होल्टेज-बिल्टेज आमाला काय कळतंय साहेब! मशीन चांगली हाय का न्हाई?"

"आहे, पण वरच्या घराला..."

"मग ह्या बाईनंच बंद ठिवलती!"

एकच गलका झाला. मी फेजचं ओरडून सांगत होतो. कोण ऐकतंय? डॉक्टर हात जोडून उभे, जसं काही त्यांच्यावरच अन्याय झालाय. चीड आली नुसती.

शोभाला त्याच दिवशी काढलं. मी गाडीत हत्यारं भरत होतो, तेव्हा ती जवळ आली.

"सर, मशीन चांगली हाय म्हनून कामून सांगितलाव?"

मी तर खरं तेच सांगितलं होतं.

आता कुठंही गेलो तर तोंड उघडल्या उघडल्या आधी व्होल्टेज सांगतो, मशीनचं मागून. लोक पहिलंच वाक्य ऐकतात, आणि तेवढ्यावर कुणाची तरी नोकरी जाते.