खुर्ची मागितली म्हणून

मालिकेत बाईंना मारायचं ठरलं, त्याला कारण एक खुर्ची. चौऱ्याहत्तराव्या वर्षी गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून बाईंनी दोन प्रवेश बसून करू का, एवढंच विचारलं होतं. दिग्दर्शक म्हणाला, करारी सासू बसलेली बरी दिसत नाही. आठ दिवसांत लेखकाने सासूला जिन्यावरून ढकलून दिलं.

"आई, आता बस झालं," लेक म्हणाली.

"बसायलाच तर मागत होते!" बाई कडाडल्या.

पण आतून त्या हादरल्या होत्या. मालिकेत एकदा हार घातलेला फोटो होऊन भिंतीवर लागलं की दुसरं काम मिळत नाही, हे त्या ओळखून होत्या. त्यांच्या बरोबरीच्या तिघीजणी अशाच भिंतीवर गेल्या, त्यांना पुन्हा कुणी हाक मारली नाही.

फोटोसाठी स्टुडिओत बोलावणं आलं.

"बाई, नुसतं गोड हसा," फोटोग्राफर म्हणाला.

"फोटो कुठल्या भिंतीवर लागणार? खाली कोण बसणार?"

फोटोग्राफरने डोकं खाजवलं. बाईंनी पुढच्या भागांची संहिता मागवली आणि चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत वाचली. फोटोच्या डाव्या हाताला, सोफ्यावर थोरला मुलगा बसणार होता, आणि आईची खोटी सही करून घर विकणार होता.

वाक्य नसलं तरी पुढचंमागचं वाचायची ही खोड जुनी. चौदाव्या वर्षी नाटक कंपनीत आल्या, तेव्हा तीन वर्षं त्यांना एकही वाक्य नव्हतं. दासी होऊन सिंहासनामागे उभं राहायचं, संपलं. एकदा त्यांनी उभ्या उभ्या जांभई दिली. तालीममास्तरांनी सगळ्यांदेखत झापलं, "वाक्य नाही म्हणून सुट्टी नाही. राजा खोटं बोलतोय, हे तुझ्या तोंडावरून कळलं पाहिजे!" पुढे बाई नायिका झाल्या, सिनेमात गेल्या, पडत्या काळात त्यांनी जाहिरातींतून साबणही विकले. ती बोलणी मात्र कधी विसरल्या नाहीत.

म्हणून फोटोसाठी बाई हसल्या नाहीत. मान ताठ, नजर खाली डावीकडे, एक भुवई किंचित वर.

"बाई, हसायचं होतं हो."

"मला जिन्यावरून ढकललंय. हसू कशाला?"

दुसरा फोटो काढायला वेळ नव्हता, तोच लागला. सही करायच्या प्रवेशात थोरल्या मुलाची ततपप झाली. पेन उचललं की नजर वर जायची. सहाव्या टेकला तो रडकुंडीला आला. "तो फोटो काढा आधी, मला खोटं बोलता येत नाहीये!" पण आधीच्या प्रवेशांत फोटो दिसून गेला होता, मधेच काढणार कसा? कॅमेरामन मात्र खूश. मुलाचं वाक्य संपलं रे संपलं, की तो कॅमेरा बाईंच्या भुवईवर नेऊ लागला. प्रेक्षकांची पत्रं सुरू झाली. सासूबाईंना सगळं कळलंय, त्या परत कधी येणार?

महिन्याभराने दिग्दर्शकाचा फोन आला. लेकीने स्पीकर लावला.

"बाई, तुम्ही पडलात, पण गेलाच नव्हतात, असं दाखवतोय. याल ना?"

लेक हातानेच नको नको करत होती. बाईंचे डोळे भरून आले होते, पण आवाजाला त्यांनी त्याचा पत्ता लागू दिला नाही.

"येईन," त्या म्हणाल्या. "खुर्ची लागेल. दिवाणखान्याच्या मधोमध. बाकीचे उभे राहतील."