अब्बांची हिरवी चार्जर

फखरुन्निसा मुकादम कुवेत शहराच्या शर्क भागातल्या एका शिपिंग कचेरीत टेलिफोन सांभाळायची. दिवसभर शंभर माणसांशी बोलायची, आणि संध्याकाळी फहाहीलच्या बसमध्ये बसली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिच्या तोंडून शब्द निघायचा नाही. घरी बोलायला कोणी नव्हतंच.

कुवेत तिला नवं नव्हतं. वयाच्या आठव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत ती इथेच वाढली होती. तिचे वडील अशरफ मीना अल-अहमदीच्या धक्क्यावर क्रेन चालवायचे. फहाहीलला अबू नासर नावाच्या कुवेती म्हाताऱ्याच्या इमारतीत त्यांचं बिऱ्हाड होतं. सत्त्याहत्तर साली एक अमेरिकन इंजिनियर मायदेशी निघाला, तेव्हा अशरफनी त्याची डॉज चार्जर घेतली. गडद हिरवी, लांबलचक नाकाची, आठ सिलिंडरची. बाणकोटच्या खाडीकाठी लहानपण गेलेल्या माणसाच्या दारात तसली गाडी, म्हणजे नातेवाइकांत महिनाभर तोच विषय होता. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली की तिचा घरघराट तिसऱ्या मजल्यावर पोचायचा, आणि शहरबानू, फखरुन्निसाची आई, गॅसवर तवा चढवायची. शुक्रवारी बापलेक गाडी धुवायचे. अशरफ बॉनेट उघडून लेकीला एकेक भाग दाखवायचे. ती चालवायला मागायची, तेव्हा म्हणायचे, "पाय पोचू देत गो आधी." पाय पोचले, तोवर ती कॉलेजसाठी मुंबईला गेली होती.

नव्वदच्या ऑगस्टात इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या, तेव्हा ती मुंबईच्या वसतिगृहात होती. आठ आठवडे आईबापांची काही खबर नव्हती. मग एका पहाटे सहार विमानतळावर अशरफ बाहेर आले. हातात रेक्झिनची एक पिशवी. मागे कोणी नाही.

"अम्मा कुठाय?"

"तिकडंच राहिली," ते म्हणाले.

बाकीचं तिला त्याच विमानातून उतरलेल्या एका बाईकडून कळलं. शहरबानूला साखरेचं दुखणं होतं. बसने बगदादमार्गे जॉर्डनच्या सरहद्दीपर्यंत पोचता पोचता इन्सुलिन उन्हाने वाया गेलं. तिथल्या छावणीत, तंबूत, चौथ्या दिवशी ती गेली. तिथेच तिला माती दिली.

अशरफ बाणकोटला जाऊन बसले ते बसलेच. ना मशिदीबाहेरच्या गप्पांत, ना लग्नकार्यात. ब्याण्णव साली अरबी येत होतं म्हणून फखरुन्निसाला कुवेतची नोकरी मिळाली. जाताना त्यांनी "जपून रहा" एवढंच म्हटलं. मग दर शुक्रवारी फोन. जेवलीस काय? जेवले. तब्येत? बरी आहे. पाऊस? आहे. तिसऱ्या मिनिटाला दोघांकडचे शब्द संपायचे. स्थळं यायची, तिच्या मावशा पत्रं पाठवायच्या, पण ज्या घरात कोणी हो किंवा नाही म्हणतच नाही त्या घरातलं लग्न ठरणार कसं? तिशी उलटली.

नव्याण्णवच्या डिसेंबरात अबू नासर वारले. फखरुन्निसा एगैलाला त्यांच्या घरी भेटायला गेली. बायकांच्या दालनात बसून बाहेर पडताना तिला मागच्या अंगणात भिंतीला टेकून तंबूच्या कापडाखाली काहीतरी उभं दिसलं. कापडाची एक बाजू वाऱ्याने उचलली होती, आणि त्याखाली हिरवा पत्रा होता.

म्हाताऱ्याचा मुलगा नासर जवळ आला. "तुझ्या बापाचीच. ते गेल्यावर माझ्या वडिलांनी ओढून इथे आणून ठेवली. म्हणायचे, अशरफ येईल, गाडी मागेल." थोडं थांबून संकोचाने तो म्हणाला, "आता इथे खोल्या वाढवायच्यात. तू नेतेस, की सक्राबला पाठवू?"

सक्राब म्हणजे तिथला भंगारबाजार. "मी नेते," ती म्हणाली. कुठे नेणार, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

शुवैखच्या गॅरेजांच्या वस्तीत हर्णैचे उस्मानचाचा होते. पन्नाशीचे, कमी बोलणारे, जुन्या अमेरिकन गाड्यांचे दर्दी. क्रेनच्या गाडीवरून चार्जर उतरली तेव्हा ते तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "पोरी, हिच्यात वाळूच जास्त आहे, गाडी कमी."

"तिच्यात जे काय आहे ते परत बसवायचं. अब्बांना द्यायचीय."

"बाणकोटला नेणार काय ही?"

"अब्बांना इथे आणणार."

त्या दिवसापासून सगळे शुक्रवार तिथे गेले. त्या अख्ख्या वस्तीत ती एकटीच बाई. सुरुवातीला शेजारच्या गॅरेजांतले लोक काम सोडून बघायचे. नंतर सवय झाली, आणि कोणी बघेनासं झालं. तिला तेही बरंच वाटलं. ती सलवार-कमीजवर उस्मानचाचांचा जुना डगला चढवायची, हातात सँडपेपर घेऊन दरवाजे घासत बसायची. बंपर अमेरिकेहून मागवले, ते तिच्याच कचेरीने सोडवून घेतलेल्या कंटेनरमधून आले. सीटांचं काळं रेक्झिन तिने स्वतः शिवलं, दोनदा उसवलं, तिसऱ्यांदा जमलं. कचेरीत तिच्या नखांतल्या काळ्या रेषा बघून बाकीच्या बायका एकमेकींकडे बघायच्या. तिने कोणालाच काही सांगितलं नाही.

इतकी वर्षं ती धरून चालली होती की गाडी इराकी सैनिकांनी लुटून नेली असेल. पहिल्या दिवशी बॉनेट उघडलं तेव्हा इंजिनचा वरचा अर्धा भाग खरंच नव्हता. पण डिकीतली वाळू उपसताना एक लाकडी खोकं निघालं. आत कुवेतच्या पेपरात गुंडाळलेले इंजिनचे भाग, आणि पुठ्ठ्याचा एक तुकडा. पुठ्ठ्याला सोळा भोकं, प्रत्येकात एकेक पोलादी दांडी अडकवलेली, खाली पेनने मराठी आकडे. १ ते १६.

उस्मानचाचांनी पुठ्ठा उलटसुलट केला. "चोर नंबर घालत बसत नाहीत. तुझ्या बापानं स्वतः खोललंय हे. हेड काढून खालचं गॅस्केट बदलायला घेतलं होतं. बघ, सगळ्या पुशरॉड ओळीनं. काय हात आहे!"

पेपरावरची तारीख जुलै नव्वदची होती. म्हणजे अब्बांचं काम अर्ध्यावर राहिलं होतं. फखरुन्निसाला त्या दिवशी फार आनंद झाला. आपण त्यांचं अर्धं काम पुरं करतोय असं तिला वाटलं. पेपर तिने घडी घालून पर्समध्ये ठेवला.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात तिला ड्रायव्हिंगचं लायसन मिळालं. हिवाळ्यात चार्जर सुरू झाली. आणि दोन हजार दोनच्या फेब्रुवारीत, बऱ्याच मिनतवारीनंतर, अशरफ महिन्याच्या व्हिसावर कुवेतला आले. थकले होते, पण पाठ ताठ होती. तिने त्यांना विमानतळावरून टॅक्सीने आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली नेलं आणि गाडीवरचं कापड ओढलं.

अशरफ हलले नाहीत. मग गाडीच्या डाव्या अंगाने चालत गेले, उजव्या अंगाने परत आले. बॉनेटवर हात ठेवला. ती पहाटेच इंजिन तापवून आली होती.

"हेड कोणी बसवले?"

"उस्मानचाचांनी. आणि मी. तुमच्या पुठ्ठ्यावर सगळं होतं अब्बा. एक ते सोळा."

ते फुटपाथच्या कडेवर बसले.

"शेजारची माणसं ऑगस्टातच निघाली होती," ते म्हणाले. "गाडीत बर्फाची पेटी, पाण्याचे डबे. इन्सुलिन टिकलं असतं. एका माणसाची जागा होती. म्हणाले, भाभींना आमच्याबरोबर द्या. मीच म्हटलं, नको. चार दिवसांत माझी गाडी जोडतो, आपल्या गाडीनं जाऊ." ते रस्त्याकडे बघत होते. "दुकानं फुटलेली. गॅस्केट मिळेना. महिना घालवला मी. ती माणसं तिसऱ्या दिवशी अम्मानला पोचली होती."

फखरुन्निसाला जे सुचलं ते रागाचं होतं.

"बारा वर्षं मला सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस."

तेही खरं होतं. ती वर निघून गेली. दोन वर्षं जी गोष्ट हातांनी घासून चकचकीत केली, ती नेमकी कोणती होती हे आता तिला कळलं होतं, आणि उस्मानचाचांना फोन करून सांगण्यासारखंही ते नव्हतं. तीन दिवस घरात ताटवाट्यांचाच काय तो आवाज झाला. ती कचेरीतून आली की अशरफ खिडकीशी बसलेले असायचे. ती भात वाढायची, ते जेवायचे. जवळ कोणी असताना माणूस इतकं एकटं असू शकतं हे तिला ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी सकाळी ती उठली तेव्हा ते घरात नव्हते. ती धावत खाली गेली. त्यांनी बॉनेट उघडलं होतं, इंजिन सुरू होतं, आणि ते कान देऊन वाकले होते.

"डाव्या बाजूचा एक टॅपेट वाजतोय," ते म्हणाले. "ऑइल फार पातळ घातलंय तुम्ही."

"बदलते."

"बदल."

तिने चावी पुढे केली. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि दुसऱ्या बाजूचा दरवाजा उघडून आत बसले. तिने गाडी समुद्रकाठच्या रस्त्याला घातली. शर्कपर्यंत गेली, तिथून वळून परत आली. तासभराच्या वाटेत एकदा अशरफनी आपल्या सीटची शिवण बोटाने चाचपली. घरापाशी उतरताना म्हणाले, "ब्रेक जरा आधी धर. बाकी चांगली चालवतेस."

महिना व्हायच्या आठवडाभर आधीच ते निघाले. "गाडी विकू नको," विमानतळावर ते म्हणाले, "पण मला परत बोलावू नको." तिने हो म्हटलं. परतताना सिग्नलला दोन कुवेती तरुणांनी काच खाली करून विचारलं, विकायची काय? ती नाही म्हणाली आणि हिरवा दिवा लागायची वाट बघत राहिली.

मार्चअखेरच्या शुक्रवारी दुपारी तिने नेहमीसारखा फोन लावला. जेवलीस, जेवले, सगळं झालं. आता बोलणं संपणार, तोच अशरफ म्हणाले, "शर्कच्या मासळीबाजारात लिलावाला अजून तसेच ओरडतात काय गो?"

"ओरडतात."

"तुझ्या अम्मानं तिथं एकदा झुबेदी परत केली होती. घरी आणलेली, कापायला घेतलेली. मला म्हणाली, गाडी काढा. तिथं जाऊन त्या मासेवाल्याला काय म्हणाली ठाऊक आहे? आपल्या कोकणीत..."

तेवढ्यात फोनकार्ड संपलं. फखरुन्निसा तशीच ओढणी ओढून खाली गेली, कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याच्या दुकानातून, दुसरं कार्ड घेतलं, जिने चढून धापा टाकत परत नंबर फिरवला. पहिल्याच रिंगला तिकडून उचललं गेलं.

"हां," अशरफ म्हणाले, "तर काय सांगत होतो..."