रिकाम्या सायकलचा दबलेला शॉकअप

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाद नको. मी लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. दरवर्षी गॅदरिंगच्या आधी एक तास काढून मुलांना नारळातून आग, लिंबातून रक्त असलं सगळं करून दाखवतो आणि मग त्यामागचं केमिकल सांगतो. चकवा, बाधा, झपाटणं हे शब्द कोणी माझ्यासमोर काढले की मी त्याची एवढी टिंगल करतो की लग्नकार्यात बायको मला तिच्या माहेरच्या लोकांपासून लांब बसवते. तर अशा माणसावर हे लिहायची वेळ आलीय... हसायचं तर हसा. तुमच्या जागी मी असतो तर हसलोच असतो.

माझ्याकडे एक स्वस्तातली माउंटन बाइक आहे. फ्रेम चांगली, बाकी सगळा आनंद. त्यातही पुढचा शॉकअप म्हणजे नावालाच शॉकअप. आत साधी स्प्रिंग, तीही गंजलेली. खड्ड्यात गेलं की खटॅक, आणि चढावर उभं राहून पॅडल मारलं की नुसता डोलायचा. दर रविवारी मी सायकलवर गावाकडे जातो. किल्लारीच्या अलीकडे आमचं गाव, लातूरहून बेचाळीस किलोमीटर. परत येईपर्यंत दोन्ही मनगटं बधिर व्हायची. व्हिडिओ बघून बघून डोक्यात किडा घुसला, की आता हवेवरचा शॉकअप टाकायचाच.

नांदेडच्या एका सायकलवाल्याने त्याचा जुना विकायला काढला होता. सकाळच्या एसटीने गेलो, दाबून बघितला, जुन्या चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन परत आलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी हरीभाऊंचं सायकलचं दुकान आहे. त्यांनी चादर उघडली आणि दोन मिनिटं नुसते बघत राहिले. पुढचं चाक धरणाऱ्या या भागाला ते चिमटा म्हणतात.

"सर, सायकलीपरीस चिमटा महाग आणलाव की! आता ह्या चिमट्याला शोभंल अशी सायकल बी आणा."

"बसवा तुम्ही, हरीभाऊ."

"बसवतो हो. पण हॅन्डलची नळी कापताना उभं राहा इथं. लांब राहिली तर परत कापता येतीय. आखूड झाली तर दोघं बी घरला जाऊ."

दोन तास लागले. शेवटी छोट्या पंपाने माझ्या वजनाप्रमाणे हवा भरली. या शॉकअपच्या एका पायावर एक काळी रबरी रिंग असते. शॉकअप जेवढा दबतो तेवढी ती वर सरकते आणि तिथेच थांबते, म्हणजे किती दबला ते नंतर बघता येतं. माझं वजन चौसष्ट किलो. मी बसलो की रिंग दोन बोटं वर जायची. अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं! मी त्या दिवशी घरात येऊन बायकोला रिंग बघायला खाली बोलावलं होतं. ती आली नाही ती गोष्ट वेगळी.

पुढचा रविवार फेब्रुवारीतला. गावाकडे दादा असतो. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा. मी तिसरीत असताना वडील गेले, त्यानंतर माझी फी, माझी मेस, माझं लग्न, सगळं दादाने केलं. त्याने मला कधी बोलून दाखवलं नाही, आणि मीही कधी त्याला तोंडाने काही म्हणालो नाही. आमच्यात तशी पद्धत नाही.

त्या दिवशी दादाचा तीन एकर ऊस पेटवायचा होता. तोडायला आलेली टोळी म्हणत होती, पाला जाळून द्या, तरच तोडू. दादाच्या जिवावर आलं होतं, पण कारखान्याची तारीख मिळाली होती, करणार काय. आमच्याकडे रीत अशी आहे की काडी लावण्याआधी मालकाने स्वतः चारी बांधांवरून फिरून हाळी द्यायची. आत कोणी बाई गवत कापत असेल, कोणाची शेळी घुसली असेल, ती निघावी म्हणून. हे काम गड्यावर सोडत नाहीत.

तीनच्या सुमाराला जेवून मी निघालो. "कालव्याच्या रस्त्यानं जातो, दादा."

"जा सांभाळून. पेटवायला अजून घंटाभर हाय."

आणि इथे माझी चूक झाली, ती कबूल करतो. आमच्या विहिरीपाशी आलो तर त्याच उसाच्या मधून जाणारी गाडीवाट दिसली. ही वाट सरळ पलीकडे कालव्याला लागते. लांबी दोनशे मीटर, वळण एकही नाही. ट्रॅक्टरच्या चाकांनी पार उखडलेली. मनात आलं, नवा शॉकअप आजमावायला याहून चांगली जागा कुठली? एका मिनिटाचं तर काम. दादाला न सांगता आत शिरलो.

दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस. समोर टोकाला कालव्यावरची बाभळ दिसत होती. पहिले काही खड्डे काय मस्त गेले म्हणून सांगू! मनगटांना काही कळलंच नाही. मी एकटाच वेड्यासारखा हसत होतो. मग लक्षात आलं की बाभळ तेवढीच लांब आहे.

घड्याळ बघितलं. तीन वाजून एकवीस. आत शिरून पंधरा मिनिटं झाली होती.

फिजिक्सवाल्याला घाबरायच्या आधी मोजायची सवय असते. माझं चाक एकदा फिरलं की साधारण दोन मीटर जातं. दोनशे मीटरला शंभर फेरे. मी पुढच्या चाकाच्या व्हॉल्व्हवर नजर ठेवून शंभर मोजले. मान वर केली, बाभळ तिथेच. परत शंभर मोजले. तिसऱ्यांदा मोजताना सायकल पुढून जड व्हायला लागली. ज्यांनी दांडीवर माणूस बसवून सायकल चालवलीय त्यांना लगेच कळेल. पुढचं चाक रुततं, हॅन्डल ऐकेनासं होतं. अगदी तसं. खाली बघितलं तर शॉकअप पार खालपर्यंत दबलेला. दांडीवर अर्थातच कोणी नव्हतं. हॅन्डल वळवून उसात शिरावं म्हटलं तर ते हलेना. सरळच्या सरळ... कोणीतरी दोन्ही हातांनी धरल्यासारखं.

सायकल टाकली आणि पळालो. लाज कसली! बाभळीकडे बघत, जीव खाऊन पळालो. पाय अडखळला म्हणून खाली बघितलं तर माझीच सायकल समोर आडवी पडलेली होती. मी तिला पाठीमागे टाकून पळालो होतो, आणि ती माझ्या पुढ्यात. मग उलट विहिरीकडे पळालो. परत सायकल. मग वाट सोडून उसात घुसलो, पात्यांनी तोंड-हात कापून घेतले, आणि बाहेर पडलो तो त्याच वाटेवर, सायकलपाशी. मोबाइलला रेंज नव्हती. तोंडाला कोरड पडली होती आणि बाटलीत पाणी उरलं नव्हतं, मी ते कधी प्यायलो तेही आठवत नाही.

आणि तेवढ्यात दादाची हाळी ऐकू आली.

"कोणी हाय का रे आतऽऽ... निघा बाहीरऽऽ... पेटवूलालावऽऽ!"

इतकी स्पष्ट, की वीस पावलांवरून यावी. मी ओरडलो. "दादा! मी हाय! आत हाय मी!" दादा दुसऱ्या बांधावर गेला, तिथून परत हाळी. मी परत ओरडलो, घसा फाटेपर्यंत. तिसऱ्यांदा त्याने हाळी दिली तेव्हा मला त्याचं खोकणंसुद्धा ऐकू आलं. माझं मात्र त्याला काहीच ऐकू जात नव्हतं. मग थोडा वेळ शांत. मग कडकड... पाल्याचा आवाज, आणि उसावरून धूर.

मी खाली बसलो आणि रडलो. खोटं कशाला सांगू. माझ्या मुलीचं तोंड डोळ्यांपुढे येत होतं. आणि त्याहून जास्त एक गोष्ट छातीवर बसली होती. काडी दादाने ओढलीय, आणि उद्या पाला विझल्यावर मी त्यालाच सापडणार.

समोर सायकल आडवी पडलेली. तिच्यावर कोणाचंही वजन नाही, तरी शॉकअप दबलेलाच. आता हे होऊच शकत नाही. आत हवा आहे, वजन काढलं की तो उसळून वर यायलाच हवा. एवढ्या धुरातसुद्धा मला त्याचा राग आला, वर्गात मुलाने चुकीचं उत्तर दिल्यावर येतो तसा. हरीभाऊंची एक सवय आहे, काहीही अडकलं की आधी हवा सोडायची, मग बघायचं. मी शॉकअपच्या व्हॉल्व्हवरचं टोपण काढलं आणि किल्लीच्या टोकाने पिन दाबली.

त्या शॉकअपमध्ये हवा असते ती किती? एक फुसकारा, संपलं. ही हवा जात राहिली. ट्रॅक्टरचं चाक सोडावं तशी, किती तरी वेळ. ती थांबली आणि हॅन्डल आपोआप एका बाजूला कललं. मी मान वर केली. बाभळ तीस पावलांवर होती.

सायकल कशी उचलली, कसा धावलो, आठवत नाही. कालव्यावर आलो तेव्हा मागे ज्वाळा उसाच्या वर गेल्या होत्या. भरावावरून दादा येत होता. मला बघून तो जागेवरच थांबला.

"तू... तू तर गेल्तास की," तो म्हणाला. "मी बगितलो की माज्या डोळ्यानं. दांडीवर एकाला घेऊन कालव्यानं जाऊलालतास. मला हात केलास. मी बी केलो."

सायकल खाली टेकवली तेव्हा रिंग दिसली. पायाच्या पार टोकाला, जिथपर्यंत जाऊच शकते तिथे.

त्यानंतर जे जे तपासता येतं ते सगळं तपासलं. हरीभाऊंनी शॉकअप पूर्ण उघडला. "काही सुदिक झालं न्हाई ह्याला, सर. तुमीच जरा आराम करा." नांदेडच्या माणसाला फोन केला, आधीच्या मालकाचं काही बरंवाईट झालंय का म्हणून आडून आडून विचारलं. तर पहिल्यापासून मालक तोच, आणि तो ठणठणीत आहे. गाडीवाट टेपने मोजली, एकशे अठ्ठ्याण्णव मीटर. उन्हाने चक्कर आली असेल, धुराने भास झाला असेल, हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलं. पण धूर तर नंतर आला. आणि दादाला कसला भास झाला?

खरा त्रास पुढेच होता. दादा जेवेना. वहिनी फोन करून सांगायची, रात्री उठून बसतात, काडीपेटी हातात घेत नाहीत, चूलसुद्धा मलाच पेटवावी लागते. मी गेलो की तो माझ्या हातांकडे बघत बसायचा. एवढ्या वर्षांत त्याने मला कधी काही मागितलं नव्हतं. गेल्या महिन्यात ओसरीवर बसलो असताना त्याने मागितलं.

"एकदा खरं सांग. हात तूच केल्तास न्हवं? तू हात केलास म्हणून तर मी काडी ओढली. न्हाई तर..."

कोण होता तो, माझ्या तोंडवळ्याचा? दांडीवर कोण होतं? दादाने हात करून निरोप दिला तो कोणाला? मला यातलं काहीही माहीत नाही. आजही नाही. मुलांना मी शिकवतो की माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, थापा मारू नका.

"हाव दादा," मी म्हणालो, "मीच केल्तो."

त्याने डोळे पुसले आणि वहिनीला हाक मारून ताट वाढायला सांगितलं. त्या दिवशी तो पोटभर जेवला.