दोन तऱ्हांचा र

जुन्नरमधल्या निम्म्या लग्नपत्रिका एकेकाळी परवेजच्या हातून टाइप झाल्या होत्या. पत्रिकेत मामाचं नाव चुकलं तर घरात काय रामायण होतं, ते त्यानं वीस वर्षं पाहिलं होतं. म्हणून तो एकेक वेलांटी दोनदा बघायचा. त्याच्या या सवयीमुळंच गावाबाहेरच्या खासगी हॉस्पिटलनं त्याला नोकरीवर घेतलं.

तिथं पेशंटच्या चौदा वर्षांच्या फायली जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेल्या होत्या. नव्या सॉफ्टवेअरला युनिकोड ही सगळ्या कॉम्प्युटरांवर चालणारी अक्षरपद्धतच लागे. जुन्या फॉन्टातल्या अक्षराच्या कोणत्या तुकड्याचं युनिकोडात काय करायचं, याचा तक्ता परवेजनं सव्वा महिना खपून केला. नमुन्याची दोनशे नावं तपासली आणि फॉर्मवरच्या ‘नावे बरोबर आहेत’ या ओळीखाली सही केली.

सॉफ्टवेअर सुरू झालं. आठवड्यानं यादी चाळताना त्याला गोऱ्हे आडनावाची माणसं दोन ठिकाणी दिसली. काही आपल्या जागी, काही पार खाली. बराच वेळ उकल होईना. मग लक्षात आलं. ऱ्ह मधला तो अर्धा र युनिकोडात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. त्याच्या तक्त्यानं जुनी नावं एका तऱ्हेनं लिहिली होती. काउंटरवरच्या कीबोर्डवरून तो दुसऱ्या तऱ्हेनं उमटत होता. डोळ्यांना तसूभर फरक दिसत नव्हता, पण सॉफ्टवेअरच्या लेखी ती दोन वेगळी नावं होती.

अक्षरं कशी जुळवायची, कोणत्या क्रमानं लावायची हे ठरवणारी सेटिंग असते, तिला कोलेशन म्हणतात. ती बदलली असती तर दोन्ही र एकच धरले गेले असते. परवेजनं सॉफ्टवेअर कंपनीच्या पुण्यातल्या इंजिनिअरला मेल केला. त्यासाठी एक दिवस सगळं बंद ठेवावं लागेल, असं उत्तर आलं. मॅनेजर मॅडम म्हणाल्या, पुढच्या महिन्यात बघू. तोवर काउंटरवर एक कागद चिकटवावा, अशी नावं दोन्ही तऱ्हांनी शोधा म्हणून, असं परवेजच्या मनात आलं होतं. पण मग आपल्या तक्त्यात चूक आहे हे साऱ्या स्टाफला कळलं असतं. त्यानं कागद लावला नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी घाटघरच्या मंगल कुऱ्हाडे यांना तापानं बेशुद्ध अवस्थेत आणलं. त्यांचे पती सावळेराम काउंटरवर सांगत होते, की हिला मागं इथंच एका इंजेक्शननं जिवावर बेतलं होतं, इंजेक्शनचं नाव तुमच्याकडं लिहिलेलं आहे. काउंटरवरच्या मुलीनं आडनाव टाइप केलं. काहीच आलं नाही. मोबाइल नंबरही बदललेला. दुसऱ्या कुठल्या तरी दवाखान्यात गेला असाल, असं म्हणून तिनं नवी फाइल केली. मंगलबाईंना तेच इंजेक्शन दिलं गेलं. अर्ध्या तासात त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी परवेजला केबिनमध्ये बोलावलं. एका बाईच्या दोन फायली दिसताहेत, जुनी काढून टाक, म्हणाल्या. त्यानं जुनी उघडली. इंजेक्शनचं नाव लाल अक्षरांत वरच होतं. त्यानं फाइल पुसली नाही. तिची एक प्रिंट काढली, घडी करून खिशात घातली आणि दहा दिवस तशीच बाळगली. अकराव्या दिवशी तो एसटीनं घाटघरला गेला.

सावळेराम ओट्यावर बसले होते. परवेजनं प्रिंट त्यांच्या हातात दिली आणि जे घडलं ते सांगितलं. मग कागदावर दोन्ही तऱ्हांनी छापलेलं कुऱ्हाडे त्यांच्यापुढं धरलं.

सावळेरामांनी बराच वेळ पाहिलं. “सारकंच तर हाय.”

“डोळ्यांना सारखंच. मशीनला नाही.”

“तुमाला ह्ये कवा कळलं?”

परवेजला खोटं बोलता आलं असतं. “आधीच कळलं होतं, भाऊ. तीन आठवडे आधी.”

सावळेराम ओरडले नाहीत. कागदाची घडी घालत म्हणाले, “मी तितं कोकलून सांगत व्हतो. त्यास्नी वाटलं, मलाच काय समजत न्हाई.” घडी खिशात ठेवून म्हणाले, “तुमी आता जावा.”

सावळेरामांनी तक्रार केली. चौकशी बसली. हॉस्पिटलनं परवेजचा मेल आणि सही केलेला फॉर्म पुढं केला. चूक याच माणसाची, आणि ती त्याला माहीत होती, हे त्यांच्याच कागदांवरून सिद्ध झालं. मॅडम ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणाल्याचा किंवा त्यांनी जुनी फाइल पुसायला सांगितल्याचा मात्र कुठं कागद नव्हता. परवेजची नोकरी गेली.

चौकशी चालू असतानाच एका रविवारी हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर बंद ठेवून ती सेटिंग बदलली. सहा तास लागले.

परवेज आता तहसीलसमोर अर्ज टाइप करून देतो. लोक नाव सांगतात, तो टाइप करतो, वाचून दाखवतो. बरोबर आहे म्हणून ते उठायला लागतात, तरी तो त्यांना थांबवतो आणि पुन्हा वाचतो. त्यांना उशीर होतो. काही जण वैतागून शेजारच्या टेबलाकडं जातात.