हौशीच्या मळईचं नवं

हौशीचा आवाज मोठा. तिने नदीपलीकडच्या बैलाला हाकललं तर अलीकडचे बैल चालायला लागतात, असं माझे दीर देवजी म्हणायचे. देवजींना ती फारशी आवडत नसे. कातकरी बाईने इतकं ताठ चालू नये असं त्यांचं मत होतं, आणि हौशी तर डोक्यावर दुधीभोपळ्यांची पाटी असली तरी ताठच चालायची.

आमचं गाव शहापूर तालुक्यातलं, नदीच्या अलीकडे. पलीकडचा काठ मुरबाड तालुक्यात. आमच्या शिवारातून येणारा एक ओढा गावाखाली नदीला मिळतो. मिळताना तो पसरलेल्या बोटांसारखे फाटे फोडतो आणि पावसाळाभर डोंगरावरून आणलेला गाळ तिथे टाकतो. दिवाळीनंतर पाणी उतरलं की पात्रात काळीभोर ओली जमीन वर येते. तिला आम्ही मळई म्हणतो. ती एका जागी राहत नाही. एका वर्षी आमच्या काठाला चिकटते, दुसऱ्या वर्षी मुरबाडच्या.

ह्या मळईवर हौशी कलिंगडं, चवळी, दुधी करायची. तिच्याआधी तिथे म्हशी लोळत असत.

तिच्या वाडीतली माणसं दिवाळी झाली की झोपड्यांना काट्या लावून कोळशाच्या भट्ट्यांवर जात, ती पावसाच्या तोंडावर परत येत. हौशीही नवऱ्याबरोबर जायची. पहिला मुलगा तिथेच तापाने गेला. नवऱ्याचा, जाणूचा, पाय भट्टीत भाजून आखडला तो कायमचाच. मग यमू झाली, आणि हौशीने सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं सांगून टाकलं, "ही माजी पोर भट्टी बगनार नाय."

बोलणं सोपं होतं. भट्टीवर जायचं नाही तर खायचं काय? तिने मळईवर बोट ठेवलं. मामलेदार कचेरीतून एकसाली, म्हणजे एका हंगामापुरती परवानगी, मिळाली. ती दर वर्षी नव्याने मागायची, कचेरी द्यायची. यमू कलिंगडाच्या वेलांत रांगली आणि तिथेच चालायला शिकली.

मग बासष्ट साल आलं. जिल्हा परिषद आली, पंचायत समित्या आल्या. मी त्याला नावं ठेवणार नाही, आमच्या गावाला बांधीव विहीर त्यातूनच मिळाली. ग्रामपंचायतीत बायकांसाठी दोन जागा होत्या आणि सातवीच्या फायनलपर्यंत शिकलेली बाई गावात मी एकटीच, म्हणून मलाही तिथे बसवलं. बसवलं म्हणजे खरंच बसवलं. मी बोलले की सगळ्यांना आश्चर्य वाटायचं.

पण जिला आजवर कुणी विचारलं नव्हतं त्या मळईला एकदम चार बाप झाले. अलीकडची कचेरी म्हणे, मळई आमच्या काठाला लागलेली. पलीकडची कचेरी म्हणे, गेल्या साली आमच्या काठाला होती. पाण्याचं खातं म्हणे, पात्र आमचं म्हणजे पात्रात उगवलेलंही आमचं. समिती म्हणे, आता असल्या जमिनींचा लिलाव व्हायचा. लिलावात हौशी काय बोली लावणार होती! मळई गेली म्हणजे भट्टी, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता ह्याच चौघांची दुसरी तऱ्हा ऐका. त्रेसष्टच्या पावसाळ्यात ओढ्याने काठ कापला आणि देवजींच्या भातखाचराचा एक कोपरा वाहून गेला. काठाला दगड लावून द्या, असा अर्ज घेऊन मी सगळीकडे फिरले. पाण्याचं खातं म्हणालं, नदी आमची, ओढा नाही. दोन्ही कचेऱ्या म्हणाल्या, काठ बांधणं आमचं काम नव्हे. समिती म्हणाली, नदी दोन तालुक्यांची आहे, आधी ते ठरू द्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जमीन वर आली की सगळ्यांची, वाहून गेली की कुणाचीच नाही!

शेवटी चौसष्टच्या फाल्गुनात मळईवर चौघांची एकत्र पाहणी ठरली. कुणाची ते तिथेच ठरवायचं, मग लिलाव.

चार साहेब आले. दोन कचेऱ्यांचे दोन अव्वल कारकून, पाण्याच्या खात्याचा ओव्हरसियर आणि समितीचे विस्तार अधिकारी. धोतर-पाटलोणी वर धरून, वहाणा हातात घेऊन चौघे ओढ्यातून मळईवर चढले. काठांवर आमचं नि पलीकडचं, दोन्ही गावं गोळा झाली होती. जाणू कुडाच्या खोपीच्या सावलीत पाय पसरून बसला होता. हौशीने चौघांसाठी घोंगडी अंथरली आणि बाजूला उभी राहिली.  

साहेबांनी फीत धरली, काठांकडे बोटं दाखवली, कागद काढले, भांडले. ऊन चढलं. भोवती कलिंगडं पडलेली. विस्तार अधिकाऱ्यांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, "बाई, एखादं कापा की."

"नाय सायेब," हौशी म्हणाली. "नवं झाला नाय."

साहेबांना कळेना. नवं म्हणजे काय ते मी सांगितलं. आमच्याकडे पहिलं फळ आसरांना, म्हणजे पाण्यातल्या देवींना, दिल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. जमीन ज्याची असेल त्याने पाण्याकाठी उभं राहून नारळ फोडायचा, पहिलं फळ पाण्यात सोडायचं आणि मोठ्याने म्हणायचं, 'पीक माझं, पूरही माझा.' त्यानंतर वर्षभर त्या काठाची राखण त्याच्याकडे.

"दर साली कचेरीच्या नावानं मीच फोडते," हौशी म्हणाली. "पन औंदा म्हनलं, जमीन कोनाची ता आज ठरनार हाय. मंग ज्याची त्यानंच फोडावा." आणि तिने खोपीतून नारळ आणून साहेबांपुढे धरला.

ती चेष्टा करत नव्हती. देवीपुढे चेष्टा करणारी ती बाई नव्हे. कुणीतरी मालक ठरेल, तो नारळ फोडेल, मग त्याच्या पाया पडून मळई मागायची, एवढंच तिच्या मनात होतं. चेष्टा माझ्या मनात होती.

ओव्हरसियरने नारळ घेतला. "पूर माझा म्हणजे काय हो?" त्याने सहज विचारलं.

"म्हणजे पुराने काठ कापला तर तो बांधून द्यायचा," मी म्हणाले. "देवजींच्या खाचराचा अर्ज तयारच आहे. आज दोन्ही गावांसमोर जे साहेब बोलतील, त्यांच्याकडे उद्या घेऊन येते."

ओव्हरसियरने नारळ अलीकडच्या कारकुनाकडे दिला. त्यांनी तो पलीकडच्यांना दिला. ते म्हणाले, मी नुसता पाहणीला आलोय. विस्तार अधिकाऱ्यांनी तर हात मागेच घेतले आणि तो सभापतींचा मान आहे म्हणाले. काठावर कुणीतरी खुसखुसलं. नारळ फिरून हौशीकडे आला.

तिने चौघांच्या तोंडाकडे पाहिलं. "कोनाचीच नाय?" ती म्हणाली. "आसं कसा? फळां सडतील, देवी उपाशी ऱ्हाईल." आणि ती पाण्यात उतरली. दगडावर नारळ फुटला. तिचा तो नदीपलीकडे जाणारा आवाज दोन्ही काठांनी ऐकला, "पीक माजा, पूर बी माजा!"

मग तिने कलिंगडं कापली. साहेबांनी पोटभर खाल्ली, आणि चौघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. मालकीचा विचार पुढे व्हावा, तोवर बाईची एकसाली चालू ठेवावी. मी घरी जाऊन इतकी हसले की देवजी रागावले.

माझं हसू त्या पावसाळ्यात जिरलं. श्रावणात ओढ्याने तोंडच बदललं. पाणी उतरलं तेव्हा मळईच्या जागी नुसते गोटे होते, गाळ कुठल्या कुठे वाहून गेला होता. देवजींच्या खाचराला आणखी एक खिंडार पडलं. दिवाळी झाली, वाडीतली माणसं भट्ट्यांकडे निघाली. हौशीही गेली असणार असं धरून मी वाडीकडे फिरकलेच नाही. यमूचं तोंड बघवलं नसतं.

दोन-चार दिवसांनी खालून, काठाकडून, तिचा आवाज आला. ती यमूवर ओरडत होती. मी धावत गेले. हौशी पात्रातले गोटे पाटीत भरून खिंडारात रचत होती. जाणू बसल्या बसल्या निरगुडीच्या फांद्या तोडून देत होता आणि यमू त्या चिखलात रोवत होती.

"हौशे, हे काय गो? कुणी सांगितलं तुला?"

"कोन सांगनार?" ती म्हणाली. "नारल मीच फोडला ना, बाय. पूर माजा हाय."

"अगं, पण पीक कुठंय तुला?"

"पीक देवीनं नेला. पूर ऱ्हायला."

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. तिने ते पाहिलं नाही, ती दगड लावत होती.

बातमी ऐकून देवजी आले आणि बांधावर उभे राहिले. रचलेल्या दगडांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "तो दगड असा नाय ऱ्हायचा. खालनं पाचर दे." हौशीने पाचर दिली, ती त्यांना पटली नाही. शेवटी धोतर खोचून ते स्वतःच खाली उतरले. दुसऱ्या दिवशी आपली गाडीही घेऊन आले. काम संपेपर्यंत हौशीच्या घरचा भात आमच्या कोठीतून गेला, आणि एकदाही देवजी त्याबद्दल काही बोलले नाहीत.

काठ उभा राहिला. त्याच्या आतल्या अंगाला ओल धरून एक पट्टी उरली होती, देवजींच्या मालकीची. "पडीक ठेवून काय करायची," ते हौशीला म्हणाले, "लाव तुजी कलिंगडां." यमू त्या वर्षीही भट्टीवर गेली नाही.

पहिलं फळ पिकलं तेव्हा हौशी नारळ घेऊन आमच्या अंगणाबाहेर उभी राहिली. जमीन देवजींची, तेव्हा नवं त्यांनीच करायचं. देवजी तिच्याबरोबर पाण्यापर्यंत गेले, आम्ही मागोमाग. त्यांनी नारळ फोडला, कलिंगड पाण्यात सोडलं आणि जरा थांबले. रीतीचे शब्द विसरले की काय असं मला वाटलं.

"पीक हौशीचा," देवजी म्हणाले, "पूर माजा."

हौशीने त्यांच्याकडे पाहिलं.  मग तिने दुसरं कलिंगड कापलं, आणि पहिली फोड देवजींनी यमूच्या हातात दिली.