जबलपूरहून इंदूरला यायला एवढा टाइम?

भिया लोक, जबलपूर ते इंदूर विमानाला किती टाइम लागतो? तासभरच ना?

आज धाकटा भाऊ आला. तो "उतरलो" म्हणून फोन करतो, तेव्हाच आमच्याकडे पोह्यांना फोडणी पडते. आज फोनच नाही! विमान वेळेवर उतरलेलं मी मोबाइलवर बघितलं, आणि साहेब दोन तासांनी जुनी इंदूर भागात आमच्या दारात हजर.

"फ्लाइट लेट होती ना, ताई."

गरम पोहे समोर ठेवले, तर म्हणे, "पोट भरलंय यार, विमानात खाल्लं." त्या छोट्याशा विमानात पाण्याशिवाय देतात काय?

एअरपोर्टजवळ आमचा दादा राहतो. माझं त्याच्याशी कित्येक वर्षं बोलणं बंद आहे.

आता तुम्हीच सांगा, याचं खोटं न पकडता कसं विचारू, की दादा बरा आहे ना?