बापाच्या भूमिकेत औटीकाका

वेणी वाकडी घालायला मुरलीधर औटींना नऊ टेक लागले, आणि नवव्यालाही ती सरळच आली.

जाहिरात केसांच्या तेलाची होती. नगरच्याच एका तेलवाल्याची, केबलवर दाखवायची. आई माहेरी गेलेली, शाळेची वेळ झालेली आणि बाप मुलीच्या केसांशी झुंजतोय. वेणीचा झाडू होतो, मुलगी भोकाड पसरते, तेवढ्यात दारात आई, हातात तेलाची बाटली. कल्पना माझी. मी तेव्हा नगरमधल्या एका छोट्या जाहिरात संस्थेत नोकरीला होतो आणि या कल्पनेवर फार खूश होतो. बापाच्या भूमिकेसाठी आम्हाला भिंगारचे औटी मिळाले होते. लष्कराच्या डेपोत सिव्हिलियन स्टोअरकीपर, वय पन्नाशीच्या आसपास, हौशी नाटकांतून कामं केलेले. गोल चेहरा, किंचित गोंधळलेले डोळे. पाहताक्षणी कुणाचा तरी बाप वाटावा असा माणूस.

पण कॅमेरा सुरू झाला की ते कंगवा घेत, समोर बसलेल्या मुलीचा भांग मधोमध पाडत, तीन पेड करत, आणि बोटं आपापली चालू लागत. बघता बघता घट्ट, देखणी वेणी तयार. दिग्दर्शक वैतागला.

"अहो औटी, तुम्हाला वेणी येत नाही!"

"व्हय साहेब, ध्यानात हाय," औटी ओशाळून म्हणाले. "पन हात ऐकत न्हाईत."

शेवटी दिग्दर्शकानेच मनगटातलं घड्याळ काढलं, औटींचा शर्ट अंगावर चढवला आणि दोन मिनिटांत त्या केसांचा झाडू करून दाखवला. त्याला काही अभिनय करावा लागला नाही. त्या जाहिरातीत चेहरा औटींचा आहे आणि हात दिग्दर्शकाचे. जाहिरात जोरात चालली.

जेवणाच्या सुट्टीत मला कळलं की औटींची बायको वारली तेव्हा त्यांची मुलगी अश्विनी पाच वर्षांची होती. नातेवाइकांनी दुसऱ्या लग्नाचा आग्रह धरला, तो त्यांनी मोडून काढला. "सकाळी सातच्या आत दोन येन्या, बारावीपर्यंत," ते भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले. भाकरी त्यांनीच केलेली होती. मी म्हटलं, मग हे काम करताना तुम्हाला विचित्र नाही वाटलं? त्यावर त्यांनी जे उत्तर दिलं ते पुढे मी शेकडो वेळा ऐकलं: "कागदावर हाय ना? मंग बरोबर." तीस वर्षं स्टोअरमध्ये काढलेला माणूस. कागदावर जे लिहिलंय ते खरं, रॅकवर काय आहे ते नंतर बघू.

त्या जाहिरातीनंतर औटींना बापाची कामं मिळतच गेली. एका जाहिरातीत त्यांनी वॉशिंग मशीनमध्ये मुलाचं प्रगतिपुस्तक धुतलं. दुसरीत त्यांना स्वयंपाकघरात मीठ सापडलं नाही. एका विम्याच्या जाहिरातीत ते पाचव्या सेकंदाला वारले आणि उरलेल्या पंचवीस सेकंदांत त्यांच्या फोटोसमोर मुलगी डॉक्टर झाली. "एका जाहिरातीत मी मरतो, दुसरीत मी येडा ठरतो," ते मला म्हणाले. "मधलं काय न्हाईच का हो तुमच्याकडं?"

मी हसलो. तेव्हा मला तो विनोद वाटला.

पुढे मी पुण्याला गेलो, एका वाहिनीसाठी विनोदी मालिका लिहू लागलो, आणि तिच्यातल्या बापासाठी औटींचं नाव मीच सुचवलं. एव्हाना ते निवृत्त झाले होते. महिन्यातले दहा-बारा दिवस एसटीने पुण्याला येत. मालिकेतला बाप कोथिंबीर आणायला जाऊन पुदिना आणायचा, मुलीच्या पालकसभेला भलत्याच शाळेत जाऊन बसायचा, बायकोने डोळे वटारले की सोफ्यामागे लपायचा. मी आठवड्याला पाच भाग लिहीत होतो. बापाचा प्रसंग अडला की त्याला काहीतरी सांडायला लावायचं, एवढं सोपं होतं. औटी पानं वाचत, चष्मा काढत आणि सावकाश म्हणत, "लेखक, ह्यो बाप कुठल्या स्टोअरातनं इश्यू झाला? पार कंडम माल हाय." मग उठून ते काम इतकं सुंदर करत की कॅमेरामनला हसू आवरत नसे.

मालिका गाजली. एसटीत लोक त्यांना जागा देत आणि वर विचारत, "काका, बरोबर गाडीत बसलात ना?"

अश्विनी तोवर नेवाशाजवळच्या एका गावात जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून लागली होती. स्कूटीवर फिरायची, गाई-म्हशींना सुया टोचायची, अडलेली वासरं ओढून काढायची. तिला राहुरीकडचं एक स्थळ आलं. पाहण्याच्या कार्यक्रमाला औटींनी मलाही बोलावलं होतं. घरचं माणूस म्हणून, असं ते म्हणाले.

पाहुणे आले तेच हसत आले. मुलाच्या वडिलांनी औटींना मिठी मारली आणि म्हणाले, "अहो, आमच्या घरात जेवनं तुमच्याबरं होत्यात!" पोहे आले. ते मीच केलेत, असं औटींनी सांगितलं, तर पाहुण्यांच्या पोटात हसून दुखायला लागलं. एका बाईंनी तर त्यात मीठ आहे का ते आधी चाखून पाहिलं. मग औटी सावरून बसले आणि म्हणाले, "एक सांगायचं हुतं. पोरगी नोकरी सोडनार न्हाई. तिची बदली होईल तवा होईल, तवर तिला नेवाशालाच ऱ्हावं लागल. ते तुमाला चालनार असंल तर पुढं बोलू."

त्यावर हास्याचा असा स्फोट झाला की शेजारचे डोकावले. मुलाचे वडील मांडीवर थाप मारत म्हणाले, "ह्येच! टीव्हीवर अगदी अशाच भाबड्या तोंडानं बोलता तुमी!"

"मी खरं बोलतोय," औटी म्हणाले.

ते आणखी हसले.

औटींनी माझ्याकडे पाहिलं. ते नुसतं पाहणं होतं, रागाचं नव्हतं, पण मी मान खाली घातली. बोलली ती अश्विनी. दाराशी उभी होती. शांतपणे म्हणाली, "माझे बाबा घरात विनोद करत नाहीत." लोक हसायचे थांबले. थोड्या वेळाने चहा न घेताच गेले.

त्या दिवशी जाताना औटींनी मला फाटकाशी थांबवलं. "लेखक, एक सीन लिव्हा. एकच. बाप एक काम धड करतोय. लई मोठं न्हाई. पोरीला ताप आलाय अन् ह्यो उशाला बसून कपाळावर पट्ट्या ठेवतोय. बस."

मी लिहिलं. इतकी वर्षं लिहीत होतो, पण ते दोन पानांचं लिहिताना प्रथमच मला कुणाला काही सांडायला लावावं लागलं नाही. वाहिनीकडून दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. प्रसंग त्यांना फार आवडला होता. डोळ्यांत पाणी आलं म्हणे. फक्त एक बदल: पट्ट्या आईने ठेवायच्या. बाप मध्येच येतो आणि तापाच्या औषधाऐवजी पोटाचं औषध देतो. तेवढाच विरंगुळा.

मी भांडलो असतो तर हे व्यक्तिचित्र जरा बऱ्या माणसाच्या हातून लिहिलं गेलं असतं. मी बदल करून दिला.

सेटवर औटींनी ती पानं वाचली. नेहमीसारखा चष्मा काढला. मग पानांची नीट घडी घालून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "कागदावर हाय. पन बरोबर न्हाई." मेकअप पुसून ते एसटी स्टँडवर गेले, ते परत आले नाहीत.

वाहिनीचं त्यांच्यावाचून अडलं नाही. पुढच्या आठवड्यात मालिकेतल्या भिंतीवर औटींचा हार घातलेला फोटो लागला. इकडे भिंगारमध्ये दोन दिवस लोक सांत्वनाला येत होते आणि दार औटीच उघडत होते. बाजारात एक भाजीवाली त्यांना पाहून किंचाळली, "अगं बया! तुमी तर गेल्ता ना?"

"गेल्तो," औटी म्हणाले. "पन मेथी घ्यायची राहिली हुती."

अश्विनीचं लग्न पुढे दीड वर्षाने झालं. मुलगा शेवगावचा, शाळेत शिक्षक. त्याने औटींची अट ऐकली आणि विचारलं, नेवाशात भाड्याने खोली बघू का? एवढंच. लग्नानंतर वर्षाने अश्विनी बाळंतपणाला भिंगारला आली. आळीतल्या बायका आपणहून मदतीला आल्या, कारण घरात बाईमाणूस नाही. मी भेटायला गेलो तेव्हा त्या दारात घोळका करून उभ्या होत्या आणि औटी मोरीत पाय पसरून बसले होते. नडग्यांवर तेलाने माखलेली महिन्याची नात पालथी. एका हाताने ते तिच्या पाठीवर कोमट पाणी सोडत होते, दुसऱ्या हाताचा तळवा तिच्या कपाळाखाली. घोळक्यातल्या एका म्हातारीने सूचना करायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सूचना करण्यासारखं काही नव्हतं.

मी खिशातून मोबाईल काढला. "औटीकाका, व्हिडिओ घेऊ?"

"नगं," ते मान वर न करता म्हणाले. "लोक हसतील."

गेल्या वर्षी ते खरंच गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. एका पेपरात बातमी आली, तिच्यात 'धांदरट बाप अजरामर करणारा कलावंत' असं लिहिलं होतं. शोकसभेत तिघे बोलले आणि तिघांनीही पुदिन्याचा किस्सा सांगितला. लोक रडत होते आणि हसतही होते. तो किस्सा माझाच होता, म्हणून मी बोललो नाही.

महिन्याभराने मी अश्विनीला भेटायला नेवाशाला गेलो. तिचा नवरा शाळेत होता, ती औटींच्या नातीला, म्हणजे आपल्या दीड वर्षाच्या लेकीला, भरवायला बसत होती. तेवढ्यात फोन आला. कुठल्याशा वस्तीवर गाय अडली होती, वासराचे पाय उलटे आले होते. अश्विनीने एका हाताने रबरी हातमोजे पिशवीत कोंबले, दुसऱ्या हाताने पोरगी माझ्या मांडीवर ठेवली आणि खिचडीची वाटी माझ्यापुढे सरकवली.

"काका, हिला भरवा आणि झोपवा. मी तासाभरात येते."

स्कूटी निघून गेली. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याला मी कधी भरवल्याचं मला आठवत नाही. इतकी वर्षं त्या धांदरट बापाला मी कुठून शोधून आणत होतो, हे त्या रिकाम्या घरात मला कळलं. फार लांब जावं लागत नव्हतं.

आणि मग लक्षात आलं की अश्विनीने मला "जमेल का?" असं विचारलंच नव्हतं. ती औटींच्या घरात वाढली होती. पुरुषमाणसाला हे येत नसेल, ही शंकाच तिला आली नव्हती.

पोरगी तोंड उघडून वाट बघत होती. मी उठलो आणि आधी हात धुतले.